साडूची मेंबरकी

सावळाराम बनकराला कुणाचं बरं झालेलं सोसत नाही, असं आमच्या आळीत म्हणत. ते खरं नव्हे. बारामतीत त्याच्या बांधाला बांध लावून मी उभी हयात काढली, तेव्हा माझं ऐका. गावात कुणाचा ऊस कितीही माजू दे, कुणाच्या घरी कितीही पोरं होऊ देत, सावळाराम आपला मेथीच्या वाफ्यात खुरपं घेऊन शांत बसलेला असे. त्याला सोसत नसे ते एकाच माणसाचं. तो माणूस इंदापूरला राहायचा, त्याचं नाव सर्जेराव राऊत, आणि तो सावळारामाचा सख्खा साडू होता.

लोणी भापकरच्या भिमाअप्पांना दोनच मुली. थोरली बनाबाई बारामतीला सावळारामाला दिली, धाकटी कुशाबाई इंदापूरला सर्जेरावाला. दोघेही जावई माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, मळा करणारे. जमीन म्हणाल तर सावळारामाचीच बरी, कारण इकडे पाटाचं पाणी आणि तिकडे सर्जेरावाच्या नशिबी विहिरीवरची मोट. तरी जळायचा तो सावळाराम. सर्जेरावाची बैलजोडी, त्याचा खडा आवाज, त्याची बॅटरी, एवढंच काय पण त्याच्या मळ्यातली वांगीसुद्धा याच्या डोळ्यांत खुपत. वांगी तर याचीच सरस होती. मी दोन्हीकडची खाल्ली आहेत.

आता या माणसाची खोड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सावळारामाला जे हवं असे त्याला तो आधी नको म्हणे. पंगतीत वाढपी आला की दोन्ही हात पत्रावळीवर आडवे, मान डावी-उजवी, तोंडाने ‘नको, नको, लई झालं.’ वाढप्याने तिसऱ्यांदा गळ घातली की हात हळूच बाजूला व्हायचे, आणि मग तीन माणसांचं जेवण हा एकटा जेवायचा. आमच्याकडे ही रीतच आहे. पाहुण्याने एका शब्दात हो म्हटलं तर लोक त्याला हावरा म्हणतात. पण आम्ही ती रीत पाहुणचारापुरती पाळतो आणि घरी येऊन भाकरी मागून खातो. सावळाराम जन्मभर पाहुण्यासारखाच वागला.

सर्जेराव याच्या अगदी उलट. त्याला काही पुढे केलं की ‘द्या की!’ म्हणून हात पुढे. काही नको असलं तर नको म्हणे आणि मग देवाने आग्रह केला तरी घेत नसे. दुसऱ्याचं बोलणंही तो तसंच सरळ धरायचा. त्याच्या डोक्यात ‘नको’ला एकच अर्थ होता.

सर्जेराव इंदापूरच्या नगरपालिकेत मेंबर झाला आणि सावळारामाच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. त्या साली लोणीच्या जत्रेला दोघे जावई सासुरवाडीला गेले. भिमाअप्पा जावयांना फेटे बांधायचे, आणि पहिला फेटा थोरल्याचा, हा लग्नापासूनचा शिरस्ता. अप्पांनी फेटा हातात घेतला तेव्हा सावळाराम म्हणाला, “आधी सर्जेरावास्नी बांधा मामा. ते मेंबर हायती आता.”

हे त्याने कशासाठी म्हटलं, ते तुम्हाला कळलंच असेल. चार माणसांनी ‘छे छे, थोरले तुमी’ म्हणावं, अप्पांनी हाताला धरून बसवावं, एवढ्यासाठी. अप्पा तसं म्हणणारही होते. पण सर्जेराव “बांधा की!” म्हणून डोकं पुढे करून बसला सुद्धा. पुढल्या जत्रेलाही आधी त्यालाच बांधला, कारण आता तोच शिरस्ता झाला होता. सावळाराम जत्रेहून आला की आठवडाभर कुणाशी धड बोलत नसे. बैलाला उगाच शिव्या घाली.

“त्याच्या दारात म्युनिसिपालटीचा कंदील हाय,” मला एकदा बांधावर बसून म्हणाला. “दिवेलागणीला मानूस येतो, शिडी लावतो, कंदील पेटवतो. दारात सरकारी दिवा! अन् आमी हितं ठेचकाळत जातोय.”

“अरे, तो खांब तो मेंबर व्हायच्या आधीपासून आहे तिथं,” मी म्हणालो.

“आसंल. पर आता त्येचाच वाटतोय का न्हाय?”

मी उठून माझ्या वाफ्याकडे गेलो.

अशात आमच्या आळीचे मेंबर दौलततात्या वारले. पस्तीस साल असेल. तात्या चांगला माणूस, सगळी आळी मातीला गेली. सावळारामही रडला, आणि ते रडणं खरं होतं. पण परत येताना नदीच्या उतारावर तो माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “तात्यांची जागा आता भराया लागंल.” मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने उपरण्याने डोळे पुसले.

कायद्याने जागा कशी भरतात ते कचेरीला ठाऊक. आमच्या आळीची पद्धत अशी होती की मारुतीच्या देवळात बसायचं, एक नाव ठरवायचं, आणि मग दुसऱ्या कुणी अर्जच करायचा नाही. मतं पडायची वेळच येत नसे. ज्याचं नाव ठरेल त्याच्या हातात आळीचे म्हातारे खंडूआबा पानसुपारीचा विडा ठेवत. विडा घेतला की झालं, आळी त्याच्या मागे. माणसाने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात पुढे करायचा, हेही ठरलेलं. स्वतः दौलततात्यांनी दोनदा नको म्हटलं होतं.

अशी रीत म्हणजे सावळारामासाठीच केलेली. खंडूआबांच्या मनात त्याचंच नाव होतं, आळीलाही दुसरं सुचत नव्हतं. पेंडीचं दुकान घातलेला मोहनराव होता म्हणा, पण तो वयाने लहान. सावळारामाने नवं धोतर आणलं. दारापुढे कंदिलाचा खांब कुठे रोवायचा ती जागासुद्धा त्याने मला पायाने दाखवली. “एकडाव मला मेंबर होऊ द्या,” म्हणाला, “मग बगतो जत्रंला आधी फेटा कुनाला बांधत्यात ते.”

बैठकीच्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने सर्जेराव उतरला. बनाबाईने बहिणीला निरोप धाडला होता. त्या माउलीला वाटलं, घरच्या माणसाने घरचा मान पाहावा. थोरल्या साडूलाही सर्जेराव तात्याच म्हणे. फेटा सावरत आला तो लांबूनच ओरडत, “तात्या, तुमचा मान बघाया आलोय! काम टाकून आलोय!”

सावळारामाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. मला म्हणाला, “बगितलं? आज तरी मला एकट्याला बसू द्यायचं का न्हाय यानं?”

देवळात तर आणखीच झालं. इंदापूरचे मेंबर आले म्हटल्यावर खंडूआबांनी सर्जेरावाला आपल्या शेजारी घोंगडीवर बसवलं. सावळाराम खांबापाशी मांडी घालून बसला. मान खाली, पण डोळे सारखे त्या घोंगडीकडे.

खंडूआबांनी विडा हातात घेतला. म्हणाले, “तात्यांच्या जागी आमच्या मनात सावळाराम हाय. काय सावळा?”

“नगं आबा,” सावळाराम म्हणाला. “मी कुनीकडचा? शेतकरी मानूस.”

लोक गालात हसले. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

“आसं कसं? आळीचं काम हाय. घे,” आबा म्हणाले.

“न्हाय, न्हाय. मोठ्या मानसाची जागा ती. मला झेपायची न्हाय.”

मी सावळारामाच्या हातांकडे पाहत होतो. उजवा हात मांडीवरून उचलून त्याने धोतराला पुसला. आबांनी तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सर्जेराव उठून उभा राहिला.

“आबा, मी पावना, पर बोलतो,” तो म्हणाला. “मानूस दोनदा नगं म्हनतोय. आनी किती गळ घालायची? मला इचारा, मेंबरकी म्हंजी डोक्याला ताप. गटार तुंबलं, या आमच्या दारात. कंदील इझला, या आमच्या दारात. मला सोडवाया कुनी नव्हतं म्हून मी घावलो. तात्या माझं थोरलं साडू, जल्मात खोटं बोलायचं न्हाईत. त्यांच्या मनात न्हाय, तर सोडा त्यास्नी.”

 यात कपट असतं तर मीच त्याची गचांडी धरली असती. पण त्याच्या तोंडावर इतकी माया होती की बघवेना. सावळारामाला संकटातून सोडवल्याचं समाधान होतं त्यावर. खंडूआबांना सगळं कळत होतं, पण करतात काय? साक्षात साडू सांगतोय, मेंबर सांगतोय. आता पुन्हा गळ घालायची म्हणजे सावळाराम खोटं बोलतोय असं भर देवळात म्हणायचं. आबांनी सावळारामाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्याने नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. एक शब्द. तो देवळाच्या फरशीकडे बघत बसला.

“मग मोहनराव, तुमी?” आबा शेवटी म्हणाले.

मोहनरावाला हे स्वप्नातही नव्हतं. दोनदा नको म्हणायची रीतसुद्धा तो गडबडीत विसरला. विडा घेऊन आबांच्या पाया पडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावळारामानेही वाजवल्या.

देवळातून दोघा साडूंनी मला घरी जेवायला नेलं. बनाबाईने मेंबराच्या नावाने पुरण घातलं होतं, ते आता टाकणार थोडंच? सर्जेराव आडवा हात मारत होता. “सुटलासा तात्या!” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सावळारामाने पोळीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात होता.

“मला पायजे हुती,” तो एकदम म्हणाला.

“काय पायजे, तात्या? तूप?”

“मेंबरकी! मेंबरकी पायजे हुती मला! लई पायजे हुती!”

त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही हवं म्हणून उघड सांगितलं, आणि तेही ज्याच्यावर जळायचा त्याला. बनाबाई चुलीपुढून उठून दारात आली. सर्जेरावाचा घास तोंडापाशी थांबला.

“मंग नगं का म्हनालासा?”

“नगं म्हनायचं आसतं! आळीतल्या शेंबड्या पोराला कळतंय, तुमालाच कसं कळत न्हाय? तुमी नुस्तं हात पुढं करता आन् समदं तुमच्या हातात पडतंय. फेटा पडतोय, मेंबरकी पडती. माझं तेवढं एक हुतं, तेबी आज तुमीच घालवलं!”

सर्जेराव पानावरून उठला. हात धुतला, फेटा डोक्याला गुंडाळला. “चला,” म्हणाला. “मोहनरावाला सांगतो, माजी चूक झाली. त्येच्या पाया पडतो. ईडा माघारी घिऊ.”

“तुमच्या हातनं नगं.”

हा नकार मात्र खरा होता. सर्जेरावाने तोही खरा धरला आणि दुपारच्या मोटारीने मान खाली घालून इंदापूरला गेला.

पुढच्या साली इंदापूरला निवडणूक झाली आणि सर्जेराव सपशेल पडला. ही बातमी बाजारात कळली तशी सावळाराम पाटी तिथंच टाकून मला सांगायला आला. खोटं कशाला बोलू, इतका खुललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. “वाईट झालं,” म्हणायचा आणि ओठ आवरायचे नाहीत. “भेटाया जावं लागंल. घरचं मानूस हाय. समाधान कराया पायजे.” आपल्या मळ्यातली निवडक वांगी टोपलीत घातली, बनाबाईला घेतलं आणि मोटारीत बसला. रडणारा सर्जेराव त्याला डोळे भरून पाहायचा होता.

पुढचं बनाबाईने आमच्या घरी सांगितलं. ही दोघं मळ्यात पोचली तेव्हा सर्जेराव मोटेवर होता. बैल उतारावर, हा मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसलेला, आणि खड्या आवाजात गाणं चाललेलं. कुशाबाई खाली वाफ्यांना पाणी मोडता मोडता त्याला नावं ठेवून हसत होती.

“पडलो की, तात्या!” तो वरूनच ओरडला.

“लई वाईट वाटलं आसंल,” सावळाराम म्हणाला.

“वाटलं तर! रडलोबी. मंग मोट धरली.” तो खाली उतरला आणि टोपलीत डोकावला. “आयला, काय वांगी हायती! आनी म्या हितं काळी पडल्याली खातोय. द्या की!”

सावळारामाने टोपली दिली. पाहुणचार झाला, मुक्काम न करता दोघं परत निघाली. मोटारीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. भिगवण रस्त्याची झाडं मागे पडली, ऊस लागला. बनाबाईला वाटलं झोप लागली. मग तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“अगं, त्येची मेंबरकी गेली,” तो म्हणाला. “तरी तो तसाच हाय. त्येच्यावानी ऱ्हायाला काय लागतं गं?”

बनाबाई म्हणाली, “मला ठावं आसतं तर तुमाला कवाच दिलं नसतं का?”