गाडीत जागा नव्हती

देवाचे अनुभव सांगणाऱ्या माणसांचा मला पूर्वी जरा धाकच वाटे. त्यांना देव ऐन वेळी, नेमक्या जागी आणि बहुधा त्यांच्याच सोयीने भेटत असे. मी पाथर्डीत कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा मागायची खोड अंगात मुरलेली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते मनातच दाबून ठेवणं आता कृतघ्नपणाचं वाटतं.

काही वर्षांपूर्वी मला ताप आला. साधाच होता. तो उतरला आणि जाताना माझे पाय घेऊन गेला. नसांचा आजार, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. शरीर आपल्याच नसांवर उलटतं म्हणे. त्यानंतर कितीतरी महिने मी उचलली जात होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा पलंगावर. उचलणारे सगळे मायेचेच होते. पण आपण माणूस नसून सामान झालो आहोत ही भावना मायेने कमी होत नाही. उलट आपण जपून ठेवायचं सामान आहोत, हे जास्त ठसतं.

माझी धाकटी जाऊ सुमन रोज माझे पाय तेलाने चोळायची आणि चोळता चोळता गडावरच्या देवीला हाका मारायची. एकदा मी म्हटलं, "सुमन, तेल ठीक आहे. त्या देवीला कशाला रोज त्रास?" ती मान वर न करता म्हणाली, "अक्का, तेल दुकानातलं, हात माझे, गुण तिचा. तुमी गप पडा." मी गप्प पडले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पुढे पाय हळूहळू परत आले, तेव्हा मी डॉक्टरांचे आभार मानले, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचे मानले, सुमनचे मानले. देवीला मी त्यात धरलं नाही.

चालायला लागले, मग थोडं पळायलाही लागले. पण जिना दिसला की अजूनही दोन्ही बाजूंनी हात पुढे यायचे. म्हणून गावात मॅरेथॉन होणार असं कळलं तेव्हा मी मनाशी ठरवलं: गडाच्या पायथ्यापासून पाथर्डीच्या बाजारतळापर्यंतचे दहा किलोमीटर, कुणाचा हात न धरता, कुणी न उचलता. तेवढं जमलं की मी पुन्हा माणसात. नाही जमलं, तर जन्मभर जपून ठेवायचं सामान.

दहा किलोमीटरला मॅरेथॉन म्हणत नाहीत, हे मी एका आयोजकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, बोर्ड छापून झालेत." छापील पुराव्यापुढे इतिहासाच्या माणसाने काय बोलावं? त्या बोर्डांवर पळणारं एकही माणूस नव्हतं. सगळे हात जोडून उभे होते. शर्यतीच्या सकाळी भाषणं इतकी लांबली की पळण्याआधीच काही जणांनी खाली बसून घेतलं. प्रमुख पाहुण्यांनी झेंडा दाखवला आणि कॅमेरा चालू होता तोवर तेही पळाले.

आयोजकांनी तारीख ठरवताना पाहुण्यांची सवड बघितली होती, पंचांग नव्हे. तो घटस्थापनेचा आदला दिवस निघाला. त्या दिवशी आमच्याकडे गावोगावची मंडळी गडावरून ज्योत नेतात. देवळातल्या दिव्यावर मशाल पेटवायची आणि अनवाणी पळत गावापर्यंत न्यायची. एक दमला की दुसऱ्याने घ्यायची. ज्योत जमिनीला टेकवायची नाही, आणि ती घेतलेल्याने वाटेत बसायचं नाही. वाटेवरच्या वस्त्यांमधल्या बायका पाण्याचा तांब्या, तेल, हळदीकुंकू घेऊन पहाटेपासून रस्त्याकडेला उभ्या असतात. त्यांना आम्ही सगळे ज्योतवालेच वाटलो. नगरहून आलेल्या, काळा चष्मा लावलेल्या एका धावपटूच्या भारी बुटांवर एका आजीने तांब्या ओतला, वर कुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. तो बिचारा पुढे पचपच आवाज करत पळाला.

"ज्योत कुठाय रं?" बायका विचारत होत्या.

"मागं हाय, आजी!" प्रत्येक जण सांगून सटकत होता.

सगळ्यात मागे मी होते. माझ्यामागे फक्त जीप होती.

ही जीप थकलेल्यांना गोळा करायला ठेवलेली. चालवणारा बाळू एरवी याच रस्त्यावर पाथर्डीची वडाप करतो, म्हणजे भरतील तितकी माणसं भरून नेतो. अंगवळणी पडलेलं कुठे जातंय? खिडकीतून डोकं काढून त्याचं चालूच होतं, "पाथर्डी, पाथर्डी, पाथर्डी! चला मॅडम, मोकळी गाडी हाय. फुडची शीट देतो." मी मान हलवायची. थोडं अंतर गेलं की पुन्हा, "आता तरी बसा. कोन बघतंय?"

निम्मा रस्ता बरा गेला. मग ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे डाव्या तळव्याला मुंग्या आल्या, आणि थोड्याच वेळात तो बधिर झाला. दमल्याने येणारा जडपणा मला माहीत होता. हा तो नव्हता. ही पलंगावरची, जुनी, ओळखीची बधिरता होती. पाऊल टाकलं तरी जमीन लागल्याचं कळेना. मी पुलाच्या कठड्याला टेकले. भीतीपेक्षा संताप जास्त होता, आणि तो डोळ्यांतून वाहत होता. बराच वेळ तशी उभी राहिले. मग मी हरले. मागे न बघता हात वर केला.

जीप येऊन थांबली. आत बघते तर बसायला जागा नाही. वस्त्यांवरून बाजाराला निघालेल्या बायाबापड्यांनी हात केला, आणि बाळूने सवयीने सगळ्यांना आत घेतलं होतं.

"बाळू, अरे ही गाडी आमच्यासाठी आहे ना?"

"व्हय की मॅडम. पन तुमी नको म्हनला, आन् हात दिसला की ब्रेकवर पाय जातोय बगा माजा." त्याचा चेहरा खरोखर पडला. "सरका गं जरा, मॅडमला बसू द्या."

"कुटं सरकू?" आतून आवाज आला. "मांडीवं दोन कोंबड्या हायेत. कोंबडीच्या मांडीवं बसवू व्हय त्यांना?"

"टपावर चढता का, मॅडम?" बाळूने विचारलं. मग माझ्या पायांकडे बघून स्वतःच जीभ चावली. "थांबा हितंच. ह्यांना सोडून आलोच माघारी." आणि धुरळा उडवत जीप गेली.

रस्ता एकदम शांत झाला. पुढे जाता येईना, मागे जाण्यात अर्थ नाही, आणि शरण जायचं म्हटलं तर शरणागतीलाही जागा शिल्लक नाही. मला हसूच आलं. त्या हसण्यातच तोंडून निघून गेलं, "बाई, आता तूच बघ." गडाकडे तोंड करून, हात जोडून वगैरे नाही. थकलेलं माणूस घरातल्या थोरल्या बाईला म्हणतं, तसं.

पुलापलीकडच्या वस्तीवरून तीन बायका तांब्या घेऊन आल्या. पुढची हिराबाई, हे नाव मला नंतर कळलं. आल्या आल्या म्हणाली, "बूट काढा. ज्योतीला बूट घालून पळत्यात व्हय?" वाद घालायचं त्राण नव्हतं. मी बूट काढले. तिने माझ्या पावलांवर पाणी ओतलं. रांजणातलं, गार. आणि त्या बधिर तळव्याला गारवा कळला. पुसट, लांबून आल्यासारखा, पण कळला. मी तिथेच खाली बसायला लागले.

"आं, बसू नगा! ज्योतवाल्यानं बसायचं नसतंय."

"अहो, माझ्याकडे ज्योत नाही," मी माझे रिकामे हात दाखवले.

तिघींनी माझ्या हातांकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, "इझली का काय?"

हिराबाईने क्षणभर विचार केला. "आसू द्या. गडावरनंच निगाल्यात न्हवं? मग आमच्या शिवारात इझून चालायचं न्हाई. द्या हात."

कुणाचा हात धरायचा नाही, हा माझा निश्चय. पण ती आधार द्यावा तशी माझ्याशेजारी आलीच नाही. तिने माझं मनगट मशालीसारखं मुठीत धरलं, वर उचललं, दुसऱ्या हाताने लुगड्याचा ओचा सावरला, आणि पळायला लागली. मलाही पळावं लागलं.

"काय करता पाथर्डीत?" तिने पळता पळता विचारलं.

"कॉलेजात इतिहास शिकवते."

"म्हंजी होऊन गेल्यालं. ते आता नगा काढू. पळा!"

शिवेवरच्या लिंबापाशी ती थांबली. पुढच्या वस्तीच्या बायका तिथे उभ्याच होत्या. "ए रखमा, घे गं! इझू दिऊ नगं!" आणि माझं मनगट तिने रखमाच्या हातात दिलं. कोण, कुठली, काय झालंय, रखमाने काहीही विचारलं नाही. घेतलं आणि निघाली. मागून एकजण माझे बूट घेऊन येत होती. डाव्या पायाची बधिरता गेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगते. पण पाऊल कुठे पडतंय याची काळजी मी सोडून दिली. आणि मग काय झालं कोण जाणे, रस्ता उताराला लागला, वारा समोरून आला, आणि माझ्या छातीत आनंदाचा असा लोट उठला की मी रखमालाच ओढू लागले. "अवो बाई, हळू!" ती धापा टाकत ओरडली. "माजी काय शर्यत हाय व्हय?"

बाजारतळावर खुर्च्या उचलणं चाललं होतं. हवा भरून उभी केलेली कमान निम्मी खाली बसली होती. तिच्याखालून जायला देवळाच्या दारात वाकावं तसं आम्हाला वाकावं लागलं. माइकवाला वायर गुंडाळत होता. तो ओरडला, "आणि हे आणखी एक... नाही, दोन... अहो, तीन स्पर्धक!" हलगीवाल्यांनी सामान बांधलं होतं ते सोडलं आणि वाजवायला घेतलं. बाजाराच्या गर्दीत अडकलेला बाळू आत्ता कुठे जीप वळवत होता; तो गाडी तशीच सोडून खाली उतरला आणि नाचायला लागला. सुमन गर्दीतून धावत आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. नेहमीसारखे हात पुढे आले नाहीत. तिने ते स्वतःच्या तोंडावर दाबून धरले होते आणि ती रडत होती.

आयोजकांनी गडबडीत रखमाच्याही गळ्यात पदक घातलं. त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो होता. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यो कुटला देव?"

जीप का भरली होती, ते मला माहीत आहे. गार पाण्याने नस का जागी होते, तेही डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं आहे. कारण कळलं की कृपा उणी होते, असं मात्र आता मला वाटत नाही. एकटीने, कुणाचा हात न धरता पोहोचायचं, हा माझा हट्ट होता. तो त्या पुलावर मोडला, आणि तो मोडला म्हणूनच मी पोहोचले. उचलून नेणं वेगळं आणि हाती घेऊन पुढे नेणं वेगळं, हे त्या बायकांनी मला काही न सांगता दाखवलं. आता जिन्यावर कुणी हात पुढे केला तर मी तो धरते. तो पुढे येतो तेव्हा त्यामागे आणखी कुणाकुणाचा हात असतो, यावर मी वाद घालत नाही.

दहा किलोमीटर मी पळाले. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. आणि मला पळवलं, हेही.