आक्काचा लाल चाफा

आक्का कुणाच्याही दारात गेली की आधी कुंडीत बोट खुपसायची, माणसांकडे मग बघायची. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायची, बाहेर काढून निरखायची, शंका आली तर हुंगायची, आणि मग पायरीवर बसत म्हणायची, "काय चाललंय, बाई?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे म्हणून सगळं आळे गाव मला बाईच म्हणतं. पण आक्का आली की परीक्षा माझीच व्हायची आणि निकाल ठरलेला असायचा. "लई वलं ठेवता तुमी."

आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्या पलीकडे रंगाच्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटका माठ, आणि प्रत्येकात चाफा. पांढरा, पिवळ्या पोटाचा, गुलाबी. मधोमध अर्ध्या कापलेल्या ड्रमात लाल चाफा, पुरुषभर उंच. होळी झाली की त्याच्या टोकांना कळ्यांचे झुबके यायचे आणि चैत्रात गावदेवाच्या पालखीला पहिली माळ त्या झाडाची जायची. भिंतीच्या अलीकडे माझ्या विकतच्या, नक्षीदार कुंड्या होत्या. माझ्या सासूबाई रोज सकाळी परडी घेऊन निघायच्या, माझ्या कुंड्यांना वळसा घालून भिंतीपाशी जायच्या आणि हाक मारायच्या, "आक्का, देवाला फुलं दे गं." ती हाक ऐकली की माझा चहा कडू व्हायचा.

मला तिचा हेवा वाटायचा. साठीला टेकल्यावर हे लिहायला काही हरकत नाही. मी शिकलेली, मासिकांतली बागेची पानं कापून ठेवणारी. ती चौथीपर्यंत शिकलेली. आणि फुलं तिच्याकडे.

तिचं माहेर मेंढरांचं. भाऊ अजून कळप राखतो. दिवाळीनंतर कोकणात उतरायच्या आधी त्याची मेंढरं इथल्या कुणाच्या तरी रानात खतासाठी बसायची, तेव्हा आक्का दोन गोण्या लेंड्या भरून आणायची. गावातली पोरं तिला लेंडीआक्का म्हणायची आणि ती खुशाल ओ द्यायची. गोण्या वर्षभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असायच्या. "ताजी लेंडी झाडाला जाळती, बाई. तिला मुरू द्यायची." शिमग्याच्या सुमाराला मुरलेलं लेंडीखत आणि चुलीची चिमूटभर राख एवढंच ती डब्याला द्यायची. थंडीत पानं गळाली की पाणी बंद. झाडं नुसती खुंटासारखी उभी. "आता त्येंचा उपास," म्हणायची. मी तेव्हा खूश व्हायचे, यंदा मेली वाटतं. कधी मेली नाहीत.

एकदा मीच तोंड उघडून लाल चाफ्याची फांदी मागितली. तिने हातभर फांदी कापून दिली. कापल्या जागेतून पांढरा चीक गळत होता. "आठ दिस सावलीत नुसती टाकून द्या. चीक सुकला की मंग लावा." मी घरी आले आणि मनात म्हटलं, वा गं वा! फांदी वाळून मरावी म्हणून सांगतेय. त्याच संध्याकाळी लावली आणि तांब्याभर पाणी घातलं. पंधरा दिवसांत ती बुडाशी मऊ पडून सडली. आक्काने बोट घातलं, हुंगलं आणि दुसरी फांदी आणून दिली. या वेळी स्वतःच्या कट्ट्यावर आठ दिवस ठेवून मगच दिली. यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दुसरी फांदी जगली. पण माझं माहेर पारगावचं, उसाच्या रानातलं. आमच्याकडे पीक मागे पडलं की दोनच उपाय, युरिया टाकायचा आणि दारं धरून भरपूर पाणी द्यायचं. मी चाफ्यालाही तेच केलं. झाड असं माजलं, की पानं हातभर लांब, हिरवीगार. बघणारे थबकायचे आणि विचारायचे, "हे काय लावलंय?" फूल एक नाही. आक्का म्हणाली, "बाई, चाफा म्हंजी ऊस न्हाई. पोटभर दिलं की त्यो लोळतो, फुलत न्हाई." हे ती माझ्या सासूबाईंसमोर म्हणाली. आणि सासूबाई हसल्या.

ते हसू मला पचलं नाही.

त्याच साली यात्रेच्या तीन आठवडे आधी आक्काची लेक बाळंत झाली आणि आक्का चार दिवस शिनोलीला गेली. जाताना मला सांगून गेली, "पाणी घालू नका, नुसतं लक्ष ठिवा." लाल चाफ्याला झुबक्यांनी कळ्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, मी भिंत ओलांडली. पदराखाली युरिया होता. दोन मुठी मी ड्रमात टाकल्या आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. परत येऊन मी वह्या तपासायला बसले आणि एका मुलीचं बरोबर गणित चूक दिलं.

आक्का आली तोवर निम्म्या कळ्या गळून पडल्या होत्या. आल्या आल्या तिने ड्रमात बोट खुपसलं. बाहेर काढून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मी भिंतीशी उभी होते.

"ह्याला कुणीतरी लई पोटभर जेवू घातलंय," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. "बाई, बादल्या घ्या. धुवून काढू."

तिने सळईने ड्रमाच्या बुडाची भोकं मोकळी केली. मग आम्ही दोघींनी मिळून पाणी ओतलं. वरून ओतायचं, खालून जाऊ द्यायचं, पुन्हा ओतायचं. दिवेलागणीपर्यंत मी हापशावरून बादल्या वाहिल्या. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघ, शेजारीण असावी तर अशी." झाड जगलं, पण कळ्या एकूण एक गेल्या. त्या वर्षी पालखीला आळेफाट्याच्या बाजारातला झेंडू गेला. मला वाटलं होतं, आता तरी बरं वाटेल. झालं भलतंच. सगळं गाव आक्काची समजूत काढायला तिच्या दारात. तिच्या गळलेल्या कळ्यांचंही कौतुक, माझ्या उभ्या झाडाकडे कुणी बघेना. मी आणखीच जळले.

त्याच दिवाळीत तिचा मुलगा तिला चाकणला न्यायला आला. तिथल्या कंपनीत तो कामाला, तिसऱ्या मजल्यावर घर. आक्काने दोन दिवसांत सगळे डबे वाटून टाकले. एक दिराला, एक शाळेला, एक देवळाला. ड्रम मात्र चौघांकडून उचलून माझ्या अंगणात ठेवला.

"आक्का, हा नको मला," मी म्हणाले. खरंच नको होता.

"ह्याला तुमच्याच हाताची सवय लागलीय, आता तुमीच मोडा," ती म्हणाली. "दोन वर्सं कायबी घालायचं न्हाई. न लेंडी, न राख. ऊन खाऊ द्या. पाणी बोट बघून. हात बांधून बसा, बाई. जमंल?"

मी मान हलवली. जीप सुरू झाली तेव्हा तिने खिडकीतून हात काढून आमच्या फाटकाच्या खांबावरच्या तुळशीच्या मातीत बोट घातलं आणि "हीबी वली हाय" म्हणाली.

मी हात बांधून बसले. उसाच्या घरात वाढलेल्या बाईला हे किती अवघड असतं ते मलाच ठाऊक. पहिल्या वर्षी नुसतीच पानं. दुसऱ्या वर्षी ती आखूड झाली. मी रोज बोट घालायचे आणि बहुतेक रोज पाणी न घालता परत यायचे. यंदा होळी झाली आणि टोकांना लाल टिपके दिसले. सासूबाई आता नव्वदीच्या आहेत. पालखीच्या दिवशी काठी टेकत त्या परडी घेऊन बाहेर पडल्या, प्रथमच माझ्या झाडाशी थांबल्या, आणि आनंदाने ओरडल्या, "अगं, आक्काचा चाफा फुलला!"

आक्काचा. माझ्या अंगणात, माझ्या बोटावर वाढलेला.

मी तणतणत आत जाऊन आक्काला फोन लावला. फुलल्याचं सांगितलं. ती इतकी हसली की मला राहवलं नाही. "आक्का, त्या वर्षी तुम्ही शिनोलीला गेला होतात, तेव्हा ते..."

"किती टाकला व्हता?" तिने विचारलं. "एक मूठ का दोन?"

"दोन."

"मंग बरोबर. म्हनून तर दोन वर्सं म्हणलं मी." मग म्हणाली, "हितं गॅलरीत एक फांदी लावलीय. पर ऊनच येत न्हाई. नुसती हुबी हाय. तुमचा फुलला ऐकून लई जळलं बघा माझं, बाई. खरं सांगती."

एवढ्या वर्षांत जे मला एकदाही तिच्या तोंडावर म्हणता आलं नाही, ते ती हसत हसत बोलून मोकळी झाली. फोन ठेवला आणि मला त्याचाही हेवा वाटला.

बाहेर सासूबाई माळ ओवत होत्या. पालखी वेशीपाशी आली होती. "पुजारी विचारंल, माळ कुणाची? काय सांगू गं?" त्यांनी विचारलं.

मी ड्रमात बोट घातलं. माती कोरडी होती. "आक्काची म्हणून सांगा," मी म्हणाले, आणि तांब्याभर पाणी आणायला आत गेले.