करवंदीचा काटा

मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून काका बायकापोरांना घेऊन शेणव्याला आमच्या घरी आला, तेव्हा डोक्यावर फोनो घेऊन आला. भांडीकुंडी तिकडेच टाकली आणि हे डबडं आणलं, म्हणून आई कितीतरी दिवस त्याला बोलत होती. भीती ओसरली तशी मंडळी परत गेली. फोनो आणि दोन तबकड्या मात्र आमच्याकडेच राहिल्या.

त्या दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर मिळून एका बाईने पद्यात गोष्ट सांगितली होती. नावाडी नदीपार जातो, बायको काठावर वाट बघते. तीन बाजू नुसती वाट. चौथ्या बाजूला एकदाची होडी येते. तोवर माझ्या लेखी कविता म्हणजे छडीच्या धाकाने घोकायच्या ओळी. ही बाई बोलता बोलता गायची, मध्येच गप्प व्हायची, की मी फोनोला कान लावायचे. आठवडाभरात मला सगळं पाठ झालं.

माझ्याहून जास्त ऐकायची ती ताई. तिला टोकावड्याला दिली होती. मूल होईना म्हणून नवऱ्याने आणून सोडली, "भात झोडून झालं का नेतो," म्हणाला. त्यावर दोनदा भात झोडून झालं होतं. लढाईमुळे फोनोच्या सुया मिळेनात, तर ताई करवंदीचे काटे तोडून सुपात वाळवायची आणि सुईच्या जागी बसवायची. एका बाजूला एक काटा. आवाज बारीक यायचा, पण तबकडी झिजत नाही म्हणायची. रोज दुपारी चौथी बाजू लागली की तिचा चेहरा असा खुलायचा, की मला बघवत नसे.

कारण मला माहीत होतं. मुरबाडच्या बाजारात बाबांना कळलं होतं, जावयाने दुसरी केली. "तिला कोनी सांगायचा नाय," आईने दम भरला होता. जावयाला शिव्या घालायची सोय नव्हती, मग माझा सगळा राग त्या तबकडीवर. कसली मेली होडी! एक दिवस ताई धुणं घेऊन ओढ्यावर गेली, तेव्हा मी एक गंजकी मोडकी सुई शोधली आणि दाबून धरून चौथी बाजू खरवडून काढली.

ताई आली. हात पुसून तिने काटा बसवला, तबकडी लावली. नुसती खरखर.

"तू केलंस?"

"हो, मीच! खोटं हाय ते सगळं. कोनी येत नाय!"

ताई रडली नाही. तबकडी उचलून पदराने पुसत राहिली.

"मला ठाव हाय गो. बाबा बाजारातून आले तवाच त्यांच्या तोंडावर दिसलं. पन हितं तरी तो येत होता."

मग मीच रडायला लागले. चांगली भोकाड पसरून.

"गप. तुला पाठ हाय ना? मग म्हन तू."

हुंदके देत, नाक ओढत म्हटलं. त्यानंतर तीन बाजू फोनो सांगायचा आणि चौथी मी. रोज दुपारी, माझ्याच तोंडून, तो मेला होडीतून यायचा.