बिनबापाच्या तारा

गाड्यांच्या तारा जोडणाऱ्या काचकिनबायची नि माझी ओळख झाली तेव्हा या माणसाला डोकंही आहे हे कळायला मला दुपार व्हावी लागली. सकाळी त्याच्या अंगणात शिरलो तर एका ट्रकच्या दारातून दोन बूट आभाळाकडे बघत होते. असले बूट मी जन्मात पाहिले नव्हते. एकेका बुटात मेंढी सुखाने व्याली असती आणि कोकरांना खेळायला जागा उरली असती. बुटांखाली पँट होती, पँटीखाली डॅशबोर्ड, आणि डॅशबोर्डाच्या पोटातून शिव्या येत होत्या. त्या इतक्या जुन्या वळणाच्या, घरंदाज शिव्या होत्या की मी नकळत टोपी काढली. बुटाशी हात कसा मिळवायचा ते सुचेना, म्हणून डाव्या बुटालाच वाकून सलाम केला. आमच्याकडे थोरल्या माणसाला बायके म्हणतात.

"सलाम आलेकुम, बायके!"

डावा बूट हलला. "आलेकुम सलाम. रांगेत थांब."

रांग म्हणजे काय, अत-बाशीच्या खोऱ्यात ज्या ज्या गाडीचे दिवे गेले होते ती प्रत्येक गाडी त्या अंगणात उभी होती. आणि मला तर घाई होती. माझी गाडी म्हणजे वडिलांची जुनी लष्करी उआझ जीप. वडील गेले आणि गाडीला दुःखाने वेड लागलं. हॉर्न दाबला की वायपर फिरायचा, ब्रेक दाबला की दिवे मंद व्हायचे आणि दिवे लावले की डॅशबोर्डातून धूर यायचा. धुराचं तर आमच्या लक्षातच आलं नव्हतं. कारण गाडीला दृष्ट लागू नये म्हणून माझी बायको गुलबारा तिला रोज आर्चाच्या फांदीची धुरी द्यायची. धूर दिसला की आम्हाला बरंच वाटायचं.

पण गेल्या आठवड्यात स्टिअरिंगखालचं फडकं पेटलं आणि गुलबाराने निकाल दिला.

"उन्हाळ्यासाठी वर कुरणात जायच्या आत हे धूड नीट झालं तर ठेव. नाही तर भंगारवाल्याला मी स्वतः आमंत्रण देते."

"अगं, अब्बांची आठवण आहे ती!"

"आठवण भिंतीवर लावतात. तिच्यात बसून जळत नाहीत."

तेव्हा गाडी वाचवायची तर रांग मोडणं भाग होतं. दुपार झाली तरी ती हलेना, म्हणून मी उजव्या बुटाजवळ गेलो आणि आवाजात साय आणून म्हणालो, "बायके, आपण काही परके नाही."

"असं? मग बाप सांग."

आमच्याकडे माणसाजवळ एक वेळ टोपी नसेल, पण सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ असतात. मी सुरू केलं, "मी बेयशेनबेक, ओसमोनकुलचा. ओसमोनकुल तुर्दुमात्चा, तुर्दुमात् साद्याचा, साद्या कोन्दुबायचा..."

बूट ताठ झाले. मग ट्रकमधून आधी कंबर, मग पाठ आणि सगळ्यात शेवटी एक पांढरी दाढी बाहेर आली. दाढीत कोळ्याचं जाळं आणि एक स्क्रू होता.

"कोन्दुबाय? तोतरा कोन्दुबाय?"

"तोच!"

"अरे, माझी आई त्याची नात! तुमच्या घरची लेक!" असं म्हणून त्याने मला मिठी मारली आणि माझा शर्ट कायमचा ग्रीसचा झाला. "मामा! माझा मामा आला!"

आईच्या घराण्यातला पुरुष, वयाने नि पिढीने कितीही लहान असो, आमच्याकडे मामाच. साठीच्या माणसाने चाळिशीच्या माणसाला मामा म्हणताना ऐकून मी सुखावलो. रांगेतला पहिला ट्रकवाला माझ्याकडे टक लावून बघत होता. मला तो मत्सर वाटला. ती कणव होती.

दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला. पिशवीत पक्कड, चाकू, चिकटपट्टी आणि दोन तारा जोडलेला एक बल्ब होता. त्याने डॅशबोर्ड उघडला आणि आत डोकं घातलं.

वडील टेलिफोन खात्यात होते. गाडीतली जी तार तुटली तिच्या जागी त्यांनी वर्षानुवर्षं टेलिफोनची तार घातली होती. सगळ्या तारा करड्या, सगळ्या बारीक, सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.

"मामा," काचकिनबाय म्हणाला, "तुझ्या वडिलांना जन्नत लाभो. पण जाण्याआधी त्यांनी मला भेटायला हवं होतं. टेलिफोनच्या तारेवर हेडलाइटचा भार? शेळीच्या पाठीवर अख्खा तंबू लादलाय! वर कोणाचा बाप कोण ते कळत नाही."

"मग आता?"

"आता एकेकीला विचारायचं. वहिनी, नाही, मामी, लोकर आण! सात रंगांची!"

गुलबारा गालिच्यासाठी रंगवलेल्या लोकरीचा गुंडा घेऊन आली. तोंड मात्र असं की गुंडा नव्हे, काळीज काढून देते आहे. मग काचकिनबाय तो बल्ब एकेका तारेला लावून चौकशी करू लागला.

"तू कोणाची? हॉर्नची? खोटं बोलतेस. तुझा बाप वायपर आहे. बांध लाल. आणि तू? हिला बापच नाही, मामा! एक टोक इकडे, दुसरं टोक हवेत! हिचा उपयोग काय?"

"अब्बांनी घातली असेल, काहीतरी मनात धरून."

"मनात धरलं ते मनातच राहिलं."

शेवटी तो गाडीखाली शिरला आणि तिथून आरोळी आली, "सापडली! यांची आई सापडली!"

माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी गाडीला आकाशी रंग दिला होता. हौसेच्या भरात जिथे सगळ्या तारा गाडीच्या अंगाला मिळतात तो बोल्टही रंगवून टाकला होता. विजेला घरी परतायला वाटच उरली नव्हती. मग ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जायची, हॉर्नची वायपरच्या घरातून, ब्रेकची दिव्यांच्या घरातून. काचकिनबायने लोखंड चमकेपर्यंत रंग खरवडला आणि मोडक्या ट्रॅक्टरच्या जाड तारा ओढल्या. संध्याकाळी कळ दाबली तर दोन्ही दिवे लागले. हॉर्न दाबला तर फक्त हॉर्न वाजला. वायपर गप्प होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ," मी गुलबाराला म्हणालो, "राहिली की नाही गाडी?"

चहा झाला, पाव मोडला, दुवा मागून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. काचकिनबाय मात्र उठेना.

"मामा, भाच्याचं मागणं राहिलं."

मी हातातला पाव खाली ठेवला. लेकीचा मुलगा आजोळी येऊन मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. बूट बघण्याच्या नादात मीच विसरलो होतो.

"काळा मेंढा घे! उत्तम आहे! खोगीर घे, चांदीच्या कडांचं!"

तो खिडकीतून अंगणात बघत होता. "आयुष्यभर लोकांचे दिवे लावले, मामा. पण स्वतःच्या गाडीचा हॉर्न कधी वाजवला नाही."

"मग वाजव की! जाऊन मनसोक्त वाजव!"

"स्वतःच्या, म्हणालो मी."

मी गुलबाराकडे बघितलं. "मामा-भाच्यांत मी पडत नाही बाई," ती म्हणाली आणि तिने किल्ली पावाशेजारी ठेवली.

रविवारी त्यानेच आम्हाला त्या गाडीतून वर कुरणात नेलं. पुढे मानाने गुलबारा, मागे भांड्यांत मी. वाटेत भेटेल त्या मेंढीला तो हॉर्न वाजवत होता. आकाशात घार दिसली तरी वाजवत होता आणि प्रत्येक वेळी मागे वळून विचारत होता, "ऐकलंस, मामा?"

पुढच्या वसंतात त्याने ती गाडी नारिन शहरातल्या एका माणसाला दिली आणि बदल्यात दुभती घोडी घेतली.