कमरेएवढी लाट

नागपुरातल्या आमच्या जलतरण तलावावर सकाळच्या महिलांच्या बॅचला पन्नाशी उलटलेल्या एक बाई यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या उमरेडच्या एसटीवर कंडक्टर आहेत, एवढं ठाऊक होतं. पाण्यात उतरल्या की कठडा घट्ट धरायच्या आणि तोंड बुडवायची वेळ आली की डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या.

"एवढी भीती वाटते, तर येता कशाला?" मी एकदा विचारलं.

"कोकणात सर्फिंग शिकाले चालली मी. लाटेवर फळी घेऊन उभं राहाचं. पोरगी म्हणते, तुले नाही जमणार. काहून नाही जमणार वं?"

हिवाळ्यात त्या आठवडाभर दिसल्या नाहीत. परतल्या तेव्हा नाकाची सालं निघाली होती, कोपरं खरचटली होती. आम्ही भोवती जमलो. कसं जमलं ते दाखवायला त्या ओल्या फरशीवर पालथ्या झोपल्या, हातांनी पाणी कापल्यासारखं केलं आणि एका झटक्यात, गुडघे वाकवून, हात पसरून उभ्या राहिल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"पयले दोन दिवस फळीवर नुसती पालथी पडून राहिली होती," त्या म्हणाल्या. "मंग म्हटलं, खड्ड्यातून एसटी जाते तवा मी काही न धरता उभी राहते. फळीवरबी तशीच राहिली. लाट कमरेएवढीच होती, पण किनाऱ्यापर्यंत मी तिच्यावर उभी होती."

एवढं बोलून त्या खुदकन हसल्या. एरवी गंभीर असणारा तो चेहरा एकदम शाळकरी मुलीचा दिसला.

"उतरल्यावर काय केलंत?"

"काय करणार? फळी उचलली अन् परत आत गेली."