झाकायच्या आधी तीन हाका

आधीच सांगते, भुताखेतांच्या बाबतीत आमच्या घरात माझ्याइतकं कोरडं कुणी नाही. अंगारे-धुपारे आमच्याकडे कधी शिरलेच नाहीत. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "चांगलं लिंबू वाया घातलं की!" तरीही हे लिहितेय, कारण गेलं वर्षभर हे कुणाला सांगावं ते कळत नाहीये.

मी बीदर जिल्ह्यात, हुलसूरला राहते. काम हैदराबादच्या एका कंपनीचं, घरूनच. वेबसाइटवरचे व्हिडिओ, चित्रं लोकांना पटकन दिसावीत म्हणून त्यांच्या प्रती जागोजागच्या सर्व्हरवर ठेवतात. ते जाळं ही कंपनी चालवते. तिथली झाडलोट आता माणसं नाही, एआय एजंट करतात. त्यांच्या हाती एक नवं टूल द्यायचं होतं... एकदा चालवलं की अख्खं खातं साफ. प्रतीही गेल्या, मूळ फाइलीही गेल्या, परत आणायची सोय नाही. हे कधी वापरावं आणि कधी हात लावू नये, ते एजंटला वाचून कळेल असं लिहून देणं हे माझं काम. दोन पानं, इंग्रजीत. सोमवारी लिहून संपवली.

मंगळवारी माझा भाऊ अण्णा आणि मी बीदरला गेलो. आप्पांना जाऊन आठ महिने झाले होते, त्यांच्या नावची जमीन आमच्या नावावर करायची होती. लॅपटॉप कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, घराला कुलूप. संध्याकाळी भालकीमार्गे परत आलो.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास चहा घेऊन चाचणीला बसले. एजंटला माझी दोन पानं दिली, कंपनीचं एक जुनं चाचणीचं खातं दिलं आणि सांगितलं, हे काढून टाक. सहा फोल्डर होते, सगळा कचरा. निदान मला तसंच वाटत होतं.

अर्ध्या मिनिटाचं काम. पण एजंट थांबला. त्याने लिहिलं होतं — सूचनेप्रमाणे, कुणी काही वापरतंय का ते तीनदा पाहिलं, पाच फोल्डरमधलं कुणीच काही मागितलं नाही, सहाव्यातली फाइल तिसऱ्या वेळी कुणीतरी मागितली, म्हणून काहीही काढलेलं नाही.

मी चिडले. कसली सूचना? मी असलं काही लिहिलंच नव्हतं! पानं उघडली. इंग्रजी मजकुराच्या मधोमध एक ओळ होती, आमच्या बोलीत —

"झाकायच्या आदी तीन बार हाक मारा. कुनी ओ दिली तर झाकू नका."

चहा तसाच राहिला.

आमच्या शेतात एक पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली खोल जागा. ज्वारी भरताना ती पसरायला माणूस आत उतरतो, आणि भरून झाली की तोंडावर फरशी टाकून वर माती लोटतात. आप्पा फरशी टाकायच्या आधी वाकून आत तीनदा हाक मारायचे. सगळी माणसं वर उभी असली तरी मारायचे. मी चिडवायची, "आप्पा, सगळे इथंच हायत की, दिसंना का तुमाला?"

"दिसतंय त्येला कामून हाक मारू, माय? दिसत न्हाई त्येलाच मारायची."

मी सहावा फोल्डर उघडला. अक्काचे धडे! माझी थोरली बहीण शाळेत शिकवते, दोन वर्षं तिने मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ करून मुलांना पाठवले होते. मोबाइल भरला तेव्हा 'दोन दिवस' म्हणून मीच ते कंपनीच्या खात्यात टाकले होते. नियमात न बसणारं काम, आणि वर विसरूनही गेले. लगेच तिला फोन लावला.

"अक्का, ते धडे आनिक कुटं ठिवलीस का?"

"न्हाई की. मोबाइल तर पान्यात पडला. तुज्याकडं हायत म्हनून मी निवांत. कामून विचारायलीस?"

"सहज."

"सहज म्हनायलीस आन् आवाज कापायलाय तुजा. त्यात आप्पाचा धडा हाय बग, पेवाचा. त्येवढाच आवाज हाय त्येंचा आपल्याकडं. संबाळ."

फोन ठेवला आणि मी रडले. माझ्याच हाताने मी आप्पांवर माती लोटायला निघाले होते.

फाइल कुणी मागितली त्याचं मला नवल नाही. मुलांकडे लिंक आहेत, एखाद्याने लावला असेल धडा. नवल त्या ओळीचं. कंपनीच्या नोंदीत ती मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, माझ्याच लॅपटॉपवरून लिहिलेली दिसते. तेव्हा मी बीदरच्या कचेरीत रांगेत उभी होते. अण्णाला विचारलं तर म्हणाला, "कुलूप मीच लावलो, आल्यावर मीच काडलो. कोन येतंय?" माझ्याच हातून आधी टाइप झालं असेल, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पण सोमवारी मी ती पानं दोनदा वाचली होती.

हैदराबादच्या साहेबांनी एवढंच कळवलं, ओळ चांगली आहे, इंग्रजीत करून ठेवा. तशी ठेवली. धडे आता तीन ठिकाणी आहेत.

त्या बुधवारी दुपारी आप्पांचा धडा लावला होता. गुडघ्यावर हात ठेवून ते पेवात वाकतात, हाक मारतात, थांबतात. पुन्हा हाक मारतात. तिसऱ्या हाकेनंतर ते जरा जास्तच थांबतात... ती ओळ कुणी लिहिली, मला आजही सांगता येत नाही. पण त्या तिसऱ्या हाकेला, भर दिवसा, एकट्या घरात, मी ओ दिली.