दस्तगीरच्या काठ्या आणि माझी नाव

दस्तगीर गेला हे सांगायला त्याचा थोरला मुलगा खलील फटफटीवर आला, तेव्हा मी अंगणात दोर वळत बसलो होतो. गाडी बंद न करताच तो म्हणाला, "चाचा, अब्बा गेले. पहाटं." मी दोर खाली ठेवला नाही. म्हटलं, "कुणी सांगितलं?" पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "चाचा, माझाच बाप व्हता. माझ्या मांडीवर गेला." हे वाचून लोक मला हसतील, हसू द्या. दस्तगीरनं मला आयुष्यात इतक्या वेळा चकवलं होतं की तो गेला हेसुद्धा मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नव्हतो. खलीलच्या मागं बसून गेलो आणि तोंडावरची चादर बाजूला करायला लावली. तोच होता. डावी भुवई जरा वर... माझं बोलणं ऐकताना ठेवायचा तशी.

आता त्याचा चाळिसावा दिवस झाला. नात म्हणाली, आजोबा, तुमी पेपरच्या पुरवणीला लिहा, तुमच्याइतकं त्यांना कुणी वळखत न्हाय. ओळखत होतो असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर नजर ठेवून होतो, एवढं खरं. माझी शाळा दोन यत्ता, तीही उर्दूतली, कारण तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. मराठी मी पुढं स्वतःच्या जिद्दीनं शिकलो. तेव्हा नातीनं ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आहे, पण मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. अलीकडं निजाम, म्हणजे आमच्या तोंडी मोगलाई, आणि पलीकडच्या काठाला इंग्रजी. इंग्रज निघून गेले, पलीकडं स्वराज्य आलं, तरी आम्ही त्या काठाला इंग्रजीच म्हणत होतो. नदीवर करोडगिरीचा नाका होता. माल इकडून तिकडं जाताना कर घ्यायचे, त्यात जे आवडेल तेही ठेवून घ्यायचे. आम्ही जातीचे कोळी. थोडं शेत आणि एक नाव, एवढी आमची इस्टेट. दस्तगीरचं घर मशिदीच्या पाठीमागं. त्यालाही थोडी जमीन होती, पण जीव सगळा मासे धरण्यात. जाळ्याला तो हात लावायचा नाही. म्हणायचा, जाळं म्हणजे झोपलेल्याला लुटणं. त्याच्याकडं वेळूच्या काठ्या होत्या, बारा-बारा हात लांब, घरात मावत नसत म्हणून वळचणीला टांगलेल्या. तो एके दिवशी त्या खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "निवरत्या, नाव तुझी, काठ्या माझ्या. मासा निम्मा-निम्मा." मी आधी विचारलं, "नाक्यावरचा जमादार तुझा कोण लागतो?" तो म्हणाला, "तुझा जितका लागतो तितकाच. त्यो मासा तुझ्याकडनंबी फुकट नेतो, माझ्याकडनंबी."

लांब काठ्या घेऊन लहान नावेत बसणं हे बघणाऱ्याला सोपं वाटतं. काठी फिरवायची तर आधी झेंड्यासारखी उभी करावी लागते, नाहीतर तिचं टोक दुसऱ्याच्या काठीला लागतं आणि दोरात दोर अडकतात. म्हणून आमच्यात रीत अशी, की दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. त्याच्या काठ्या नावेच्या पुढच्या टोकाला, माझ्या मागच्या टोकाला. दोर सुताचे, बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळलेले. तरंगायला जोंधळ्याच्या ताटातलं भेंड. काम संपलं की गरी, म्हणजे माशाचा गळ, त्याच भेंडात खोचून ठेवायची, म्हणजे कुणाला लागत नाही. आणि तरीही गुंता झालाच तर दस्तगीरचा एक कायदा होता : कोयती काढायची नाही. दोर तोंडात धरून ओला करायचा, गरीच्या बाजूनं सुरुवात करायची, आणि ओढायचं नाही. "वढलं की गाठ बसती. ढिला सोड, कुठून आलाय त्ये त्योच दाखवतो," म्हणायचा. एका गुंत्यापायी त्यानं अख्खी दुपार घालवलेली मी बघितली आहे. पण आमच्या पाठी एकमेकांना टेकलेल्या असत, त्यामुळं गुंता क्वचितच व्हायचा. त्याची पाठ उन्हानं तापायची ती मला कळायची, मासा लागला की आधी त्याची पाठ ताठ व्हायची, तेही कळायचं...

मग मोगलाईचं शेवटचं वर्ष आलं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सरकारविरुद्ध बोलायचा. धरायला माणसं आली तेव्हा तो नदी ओलांडून इंग्रजीत गेला तो तिकडंच राहिला. इकडं आई अंथरुणाला खिळली. तिचं एकच मागणं, थोरल्याला एकदा डोळ्यांनी बघू द्या. दादाला नावेतून आणायचा आणि तोंड दाखवून परत सोडायचा, एवढंच काम होतं. नाव माझी, पण काठ्यांशिवाय ती पाण्यात दिसली असती तर नाक्यावरून हाक आली असती. म्हणून दस्तगीरला सांगावं लागलं. त्याला सांगितलं, दादाला निरोप दिला, आईच्या कानात सांगितलं. चौथ्या माणसाला सांगितलं नाही. वेळ ठरली जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या दुपारची. जुम्म्याला जमादार आणि शिपाई सगळे नमाजाला मशिदीत जातात, नदीवर चिटपाखरू नसतं. ही वेळ कुणी सुचवली यावर आमचा पुढं कायम वाद होता. तो म्हणायचा मी. मी म्हणतो तो.

पलीकडनं दादाला घेतलं. तो नावेच्या तळाला आडवा झाला, वर गोणपाट, गोणपाटावर काठ्या. निम्मी नदी आलो आणि आमच्या काठावर जमादार उभा दिसला. डोक्यावर अजून नमाजाची टोपी. मागून दोन शिपाई धावत येत होते. "नाव इधर लाव," जमादार ओरडला. तेवढ्यात दस्तगीर उभा राहिला, एक काठी उचलली, आणि ज्या माणसाच्या हातून कधी दोराला दोर लागला नाही त्यानं ती आडवी फिरवली, मग दुसरी फिरवली, की सगळ्या काठ्या, सगळे दोर, सगळ्या गऱ्या दादाच्या अंगावरच्या गोणपाटावर एकात एक. गुंता त्यानं मुद्दाम केला, हे मी शपथेवर सांगतो. कशासाठी केला, हाच प्रश्न होता.

नाव काठाला लागली. दस्तगीर खाली बसला आणि एक-एक दोर सोडवू लागला, घरी अंगणात बसल्यासारखा. जमादार म्हणाला, "काठ्या उचल. खाली काय हाय?" दस्तगीर मान वर न करता म्हणाला, "जमादारसाब, गुंता सुटल्याशिवाय कशा उचलू? गरी डोळ्यात जाईल कुणाच्या. जरा ठैरो." मी कोयतीला हात घातला, म्हटलं दोर तोडतो आणि नाव लोटतो, होईल ते होईल. तो मला म्हणाला, "तोडू नगं. कायदा ठाऊक हाय न्हवं?" आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, हा वेळ काढतोय. आणखी शिपायांची वाट बघतोय. जमादाराचा धीर सुटला. त्यानं नावेत पाय टाकला आणि काठ्यांत हात घालून खेचलं. "हात मत डालो," दस्तगीर म्हणाला, पण म्हणाला हात घातल्यावर. गरी जमादाराच्या तळहातात घुसली, आणि तो जितका ओढी तितकी आत. शिपाई त्याला धरायला आले. दस्तगीरनं तेवढा एक दोर सोडवून घेतला, जमादाराचा हात आपल्या हातात धरून त्याला नावेतून उतरवला, आणि हकिमाकडं नेतो म्हणत सगळ्यांना घेऊन गावाकडं निघाला. जाता-जाता पायानं नाव पाण्यात लोटली. मी दादाला परत इंग्रजीत सोडून आलो.

दादा वाचला. पण आईला तो दिसला नाही. पुढचा जुम्मा यायच्या आत ती गेली, दाराकडं बघत. म्हणून मला कळायलाच हवं होतं, जमादाराला कुणी सांगितलं.

सुतक फिटल्यावर मी दस्तगीरला नदीवर गाठला. म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"म्या तेच तुला इचारनार व्हतो," तो म्हणाला.

"मला? माझा सख्खा भाऊ हाय त्यो."

"सख्खा हाय म्हणून तर इचारतो. शेत दोघांच्या नावावर हाय न्हवं?"

मी वल्हं उचललं. त्यानं काठी उचलली. काठी लांब होती, म्हणून मी आधी खाली बसलो.

लोक म्हणाले, मग भागी मोडायची. का मोडू? मोडली असती तर तो माझ्या नजरेआड गेला असता. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो काठ्या घेऊन हजर. फक्त त्या दिवसापासून कुणीच कुणाला पाठ दाखवायला तयार नव्हतं. आम्ही समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. बारा हाताच्या काठ्या तोंडासमोर घेऊन बसल्यावर काय होणार? गुंता. रोज गुंता. अर्धा दिवस मासे, अर्धा दिवस दोर सोडवणं. काठावरून बाया धुणं धुता-धुता म्हणायच्या, "का वो, आज मासा घावला का नुसतंच सूत कातलं?" दोर सोडवताना दोघांची बोटं एकाच गुंत्यात असायची आणि डोळे एकमेकांच्या तोंडावर. त्याच्या तोंडावर कुठं चोरी दिसते का हे मी बघायचो, माझ्या तोंडावर तो बघायचा.

पावसाळ्याच्या अखेरीस मोगलाई गेली. दादा उघड्या तोंडानं गावात आला. आणि आता भिण्याची पाळी दस्तगीरच्या लोकांची आली. बाहेरगावची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन फिरू लागली. एका सकाळी तो नदीवर आला, नेहमीसारख्या काठ्या खांद्यावर, आणि म्हणाला, "नाव सोड." डोहाच्या मधोमध आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो, समोरासमोर. काठावर माणसं आली. हाक मारली, नाव इकडं घे, त्याला उतरव. मी मान वर न करता म्हटलं, "गुंता सुटल्याशिवाय काठ्या उचलता येत न्हाईत. जरा थांबा." ती थांबली, कंटाळली आणि निघून गेली. दस्तगीर माझ्याकडंच बघत होता, भुवई वर करून. मी त्याला देणार की काय, हे तो शेवटपर्यंत तपासत होता. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

दादा मला म्हणायचा, "अरे, त्यानंच वाचवलं मला. म्या खाली पडलेला, त्यानं पायानं दाबून खूण केली, हलू नगं म्हणून." मी म्हणायचो, गुंता सोडवताना पाय पडला असेल. दादा गेला. पहिली नाव कुजली, दुसरी केली, तीही गेली, तिसरी केली. काठ्याही बदलल्या. बसणं बदललं नाही.

चाळिसाव्याला मी त्याच्या घरी गेलो. जेवणं झाल्यावर हनीफाभाभी, त्याची बायको, दाराआड येऊन बसली. म्हणाली, "निवृत्तीभाऊ, एक इचारू? त्या जुम्म्याला कुणी सांगितलं, ह्ये तुमी आजून धरून बसलाव का?" मी म्हटलं, "बसलोय." ती म्हणाली, "कुणीच न्हाय सांगितलं. आमची मशीद केवढी, नमाजाची जमात दोन वळींची. माझे सासरे त्या दिवशी वळीत व्हते. नमाज सुरू व्हायच्या आधी जमादारानं मान फिरवली आन इचारलं, दस्तगीर कुठं हाय? जुम्मा कधी चुकवत न्हाय त्यो. बास. नमाज झाल्या झाल्या त्यो नदीकडं पळाला."

शिपाई नमाजाला जाणार हे आम्हा दोघांनाही सुचलं. दस्तगीरनंही नमाजाला जायला पाहिजे, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

"त्याला कधी कळलं?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली. सासऱ्यांनी मरता-मरता सांगितलं."

"मग मला का न्हाय सांगितलं त्यानं?"

तिनं पदर सारखा केला. "म्या बी इचारलं. म्हणाले, निवरत्याला पटायचं न्हाय. आन पटलं, तर त्यो पुन्यांदा पाठ करून बसंल..."

हे मला पटलेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. सासरे गेले, जमादार गेला, दस्तगीर गेला. साक्षीला कोण? आणि दस्तगीर असा होता की मरताना बायकोला पढवून ठेवायलाही कमी करायचा नाही. निघताना खलीलनं वळचणीच्या काठ्या उतरवून माझ्या स्वाधीन केल्या. "अब्बांनी सांगितलंय," म्हणाला. कधी सांगितलं, कुणासमोर सांगितलं, हे मी विचारणार होतो, पण राहू दिलं.

परवा खलीलला घेऊन नाव काढली. त्याला वल्ह्याला बसवलं. एक काठी माझी. दस्तगीरची एक, तो बसायचा त्या फळीवर आडवी टाकली, दोर पाण्यात सोडला, कारण रिकामी फळी मला बघवेना. मग मी उलटा बसलो, फळीकडं पाठ करून, पूर्वीच्या रीतीनं. दोर सरळ गेला. पाणी शांत होतं. पाठीला काही टेकत नव्हतं. बराच वेळ तसाच बसलो, मग राहवलं नाही, मान वळवून बघितलं. त्याचा दोर नावेखालून येऊन माझ्या दोरात गुरफटला होता.

"पाण्याची वढ असंल, चाचा," खलील म्हणाला आणि खिशातून चाकू काढला.

"असंल," मी म्हटलं. "चाकू ठिव."

दोर तोंडात धरून ओला केला, फळीकडं तोंड करून बसलो, आणि गरीच्या बाजूनं सुरुवात केली.